टाकाऊ मानलेले रेणू आणि कर्करोग

हरवलेली वस्तू शोधताना माणूस तिचे एक रूप मनाशी धरून निघतो. ते रूपच चुकीचे असले, तर वस्तू पायाशी पडलेली असूनही दिसत नाही. शास्त्रांच्या इतिहासात असे प्रसंग थोडे नाहीत. कर्करोगाच्या संशोधनात असाच एक प्रसंग विसाव्या शतकाच्या अखेरीस घडला. त्याने एका रोगाविषयीचे ज्ञान तर वाढविलेच, पण सजीवाच्या पेशीतील कारभाराविषयी शास्त्रज्ञांचे जे मत रूढ झाले होते, तेही बदलण्यास भाग पाडले.

हा प्रसंग रक्ताच्या एका कर्करोगाचा आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया’ असे लांबलचक नाव आहे. हा रोग बहुधा उतारवयात होतो, हळूहळू वाढतो, आणि पाश्चात्त्य देशांत प्रौढांना होणाऱ्या रक्तकर्करोगांत त्याचेच प्रमाण सर्वांत अधिक आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. १९८० नंतरच्या दशकात या रोग्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना असे आढळू लागले की, अनेकांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा नाहीसा झालेला असतो. पुढे तपासणीची साधने सुधारली. २००० साली जर्मन वैद्यांनी ३२५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत ५५ टक्के रोग्यांत हा तुकडा गळालेला दिसून आला.

निम्म्याहून अधिक रोग्यांत एकच जागा रिकामी व्हावी, हा योगायोग नव्हे. त्या जागी पेशींच्या वाढीला आवर घालणारे काहीतरी असले पाहिजे, आणि ते गेल्यामुळेच पेशी बेबंद झाल्या असल्या पाहिजेत, असे अनुमान साहजिकच निघाले. या अनुमानाला पूर्वीचा आधारही होता. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाचा अभ्यास करून आल्फ्रेड नडसन या अमेरिकन वैद्याने १९७१ साली असे प्रतिपादन केले होते की, पेशीला लगाम घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या म्हणजे हा रोग उद्भवतो. १९८६ साली ते जनुक हातीही आले. विशेष म्हणजे तेदेखील तेराव्या गुणसूत्रावर, रक्तकर्करोगात गळणाऱ्या भागाच्या अगदी शेजारीच होते. म्हणून पहिला संशय त्याच्यावर गेला. तथापि बारकाईने पाहता ते निर्दोष ठरले. गळालेली जागा त्याच्या लगतची, पण निराळी होती.

मग युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांनी त्या जागेचा कोपरा न् कोपरा तपासण्यास आरंभ केला. १९९७ साली संशोधकांच्या एका पथकाला तेथे दोन नवी जनुकेही सापडली. परंतु त्यांच्यापासून एखादे महत्त्वाचे प्रथिन तयार होते, असे काही दिसेना. ज्या रोग्यांत तेराव्या गुणसूत्राची एक प्रत शाबूत होती, त्यांच्या त्या प्रतीत या जनुकांची मोडतोडही आढळेना. अपराधी त्या घरातच दडला आहे याविषयी कोणास शंका नव्हती. पण घराची झडती घेऊनही तो हाती लागत नव्हता.

तो का सापडला नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनए या रेणूची रचना उलगडली. चार वर्षांनी, सप्टेंबर १९५७ मध्ये, लंडन येथे दिलेल्या व्याख्यानात क्रिक यांनी पेशीतील आज्ञा कोणत्या दिशेने वाहतात याचे एक सूत्र मांडले. डीएनएतील आनुवंशिक मजकूर आरएनए या त्याच्या भावंडाच्या द्वारे प्रथिनांपर्यंत पोचतो. प्रथिनांकडून तो पुन्हा मागे फिरत नाही. १९६१ साली निरोप वाहणाऱ्या आरएनएचा शोध लागला आणि या चित्रात रंग भरला. जुन्या राजवटीतील कारभाराची उपमा येथे लागू पडते. मूळ दप्तर दप्तरखान्याबाहेर जात नाही. त्याची नक्कल जासुदाच्या हाती दिली जाते, आणि ती पाहून कारखान्यात माल तयार होतो. डीएनए हे दप्तर, आरएनए ही नक्कल आणि प्रथिन हा माल. पेशीचे स्नायू, पाचकरस, रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य, ही सर्व प्रथिनांचीच रूपे असल्यामुळे प्रथिन हेच कर्ते आणि आरएनए हा केवळ जासूद, अशी समजूत दृढ झाली.

जासूद नसलेले आरएनए त्या काळीही ठाऊक नव्हते असे नाही. प्रथिने विणणारा पेशीतील माग हा बव्हंशी आरएनएचाच असतो. आणि त्या मागाला कच्चा माल आणून देणारे लहान आरएनएही असतात. अशा एका वाहक आरएनएची संपूर्ण अक्षररचना रॉबर्ट हॉली यांनी १९६५ साली वाचली. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना, मार्शल नायरेनबर्ग यांना आणि पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांना विभागून मिळाले. खुराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रयोगशाळेत जे पहिले जनुक संपूर्णपणे जुळविले, ते प्रथिनाचे नव्हे, तर याच वाहक आरएनएचे जनुक होते. मानवाने हाताने घडविलेले पहिले जनुक प्रथिनाविषयी एक अक्षरही सांगत नव्हते, ही गोष्ट आज मागे वळून पाहताना अर्थपूर्ण वाटते. त्या काळी मात्र हे आरएनए म्हणजे कारखान्यातील हमाल व मागवाले, एवढीच त्यांची पायरी समजली जात असे. हुकूम देणे अथवा हुकूम रोखणे हे त्यांचे काम असेल, असे फारसे कोणास वाटत नव्हते.

ज्यांना वाटले, त्यांचा अंदाज त्या वेळी खरा ठरला नाही. फ्रान्समधील झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या द्रव्याची कल्पना मांडली, तेव्हा ते द्रव्य आरएनए असावे अशी शक्यता त्यांनी बोलून दाखविली होती. परंतु १९६६ साली त्यांच्याच जीवाणूतील तो नियंत्रक रेणू प्रत्यक्ष हाती आला, आणि तो प्रथिन निघाला. एका उदाहरणावरून सर्वच नियंत्रक प्रथिने असली पाहिजेत असा निष्कर्ष तर्काला धरून नव्हता. पण मनुष्यस्वभावाला धरून होता. १९६९ साली ब्रिटन आणि डेव्हिडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आरएनएला पुन्हा नियंत्रकाचे आसन देऊ केले. त्यांच्या सिद्धांताची चर्चा झाली, पण पुढे प्रयोगांचा ओघ प्रथिनांच्याच दिशेने वाहत राहिला.

त्यातच आणखी एका शब्दाची भर पडली. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांपैकी प्रथिनांचा मजकूर लिहिण्यास लागणारी अक्षरे फारच थोडी असावीत, असे हिशेब सांगत होते. १९७२ साली सुसुमु ओनो यांनी या उरलेल्या भागास ‘जंक’, म्हणजे अडगळ, असे म्हटले. ओनो यांचे विवेचन उथळ नव्हते. एवढ्या सगळ्या अक्षरांना काम असते, तर पिढ्यान्पिढ्या होणाऱ्या चुकांचा भार कोणत्याही जातीला सोसवला नसता, असा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यात तथ्यही आहे. पुढे मानवी जनुकांची शिरगणती झाली. २००१ साली तिचा कच्चा आराखडा प्रसिद्ध झाला आणि २००३ साली ती पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. प्रथिनांची जनुके २० हजारांच्या आसपास भरली, आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रथिनलेख एकूण मजकुराच्या २ टक्क्यांहूनही कमी निघाला. पण दरम्यान शब्दाने आपले काम केले होते. अडगळीच्या खोलीत किमती वस्तू शोधायला सहसा कोणी जात नाही. कर्करोगाच्या तपासात प्रथिन न देणारे जनुक आढळले की ते बाजूला ठेवून पुढे जावे, अशी वहिवाट पडली.

ही वहिवाट मोडणारा शोध कर्करोगाच्या रुग्णालयात लागला नाही. तो एक मिलिमीटर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या एका पारदर्शक कृमीत लागला. सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांसाठी निवडलेल्या या कृमीच्या शरीरातील प्रत्येक पेशीचा जन्म आणि वंशावळ शास्त्रज्ञांना ठाऊक झाली आहे. या कृमींतील काहींची वाढ विचित्र होते. बाल्यावस्थेत पेशींनी जे विभाजन एकदाच करून पुढे जावयाचे, तेच त्या पुन्हा पुन्हा करीत राहतात. जणू बालपण केव्हा संपवावे हेच त्यांना कळत नाही. हा दोष ज्या जनुकाच्या बिघाडामुळे होतो, त्याला ‘लिन-४’ असे नाव होते. व्हिक्टर ॲम्ब्रोस यांनी रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबाम या सहकाऱ्यांसह त्याचा पाठपुरावा केला. जनुक सापडले, त्याचे प्रथिन मात्र सापडेना. डीएनएचा तुकडा कातरीत कातरीत नेला, तेव्हा शेवटी उरला तो अवघ्या २२ अक्षरांचा एक आरएनए. प्रथिन घडविण्यास तो सर्वथैव अपुरा होता.

त्याच सुमारास बोस्टन येथे गॅरी रव्हकन हे ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकाचा अभ्यास करीत होते. लिन-४ हे लिन-१४ ला आवर घालते एवढे ठाऊक होते. कसे, ते ठाऊक नव्हते. १९९२ साली दोघांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळविली, आणि ती शेजारी ठेवून पाहताच दोघांनाही एकच गोष्ट दिसली. लिन-४ च्या चिमुकल्या आरएनएची अक्षरे लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटाकडील अक्षरांशी जुळत होती, आणि तीही एका ठिकाणी नव्हे, सात ठिकाणी. लहान आरएनए निरोपावर जाऊन बसतो आणि निरोपाचा अंमल थांबवितो. दप्तराच्या भाषेत सांगायचे, तर हुकमाच्या नकलेवर कोणीतरी ‘तूर्त तहकूब’ असा शेरा मारावा, तसे हे होते. हुकूम खरा असतो, जासूद पोचलेला असतो, पण माल तयार होत नाही.

१९९३ सालच्या डिसेंबरात हे दोन्ही लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. आज त्यांची गणना जीवशास्त्रातील थोर लेखांत होते. त्या वेळी त्यांचे स्वागत थंडच झाले. एका कृमीतील एक चमत्कार, यापलीकडे त्याला महत्त्व देण्यास फारसे कोणी तयार नव्हते. सात वर्षे अशीच गेली. २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेत ‘लेट-७’ हा असाच दुसरा लहान आरएनए सापडला, आणि या वेळी तो कृमीपुरता राहिला नाही. त्याची २१ अक्षरे जशीच्या तशी माशीत, समुद्रातील प्राण्यांत, कोंबडीत आणि माणसात आढळली. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत ज्या मजकुराचे एक अक्षरही बदलले नाही, त्यास अडगळ म्हणणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी, २००१ साली, तीन प्रयोगशाळांनी अशा लहान रेणूंचा मोठाच भरणा उजेडात आणला, आणि ‘मायक्रो-आरएनए’ या नावाने त्यांचे बारसे झाले.

आता तेराव्या गुणसूत्राच्या झडतीकडे परत यावयास हरकत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे कार्लो क्रोचे हे इटालियन वंशाचे वैद्य आणि त्यांचे रुमानियन सहकारी जॉर्ज कॅलिन यांनी गळणारी जागा सुमारे ३० हजार अक्षरांपर्यंत आवळीत आणली होती. तेथे प्रथिनाचे जनुक नव्हते. मायक्रो-आरएनएंची यादी प्रसिद्ध होताच मात्र त्यांना दिसले की, त्या यादीतील दोन रेणूंचे पत्ते नेमके याच जागेतील आहेत. त्यांची नावे मिर-१५ आणि मिर-१६. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तपासलेल्या रोग्यांपैकी सुमारे ६८ टक्के रोग्यांत हे रेणू नाहीसे तरी झाले होते, किंवा फार घटले तरी होते. आणि ते राहत होते कोठे? १९९७ साली सापडलेल्या, आणि प्रथिन देत नाही म्हणून मागे पडलेल्या, त्या दोन जनुकांपैकी एकाच्या पोटात. झडती घेणाऱ्यांच्या हाताला अपराधाचा पुरावा पाच वर्षांपूर्वीच लागला होता; पण पुरावा कशास म्हणावे याची व्याख्या तेवढी निराळी होती.

अनुमान केवढेही आकर्षक असले, तरी त्याची कसोटी प्रयोगानेच लागते. २०१० साली न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांतील नेमका हा भाग काढून टाकला. वय होताच त्यांपैकी काही उंदरांत माणसाच्या या रोगाशी मिळताजुळता विकार उद्भवला. नुसते मायक्रो-आरएनए काढले तरी विकार होतो, आणि भोवतालचा मोठा भाग गेला तर तो अधिक उग्र होतो, असेही दिसून आले. त्यामुळे या रेणूंवरील आरोप पक्का झाला, आणि ते एकटेच नसावेत हेही उघड झाले.

हे रेणू करतात तरी काय? त्यांच्या लक्ष्यांपैकी एक म्हणून २००५ साली बीसीएल-२ या प्रथिनाकडे बोट दाखविण्यात आले. या प्रथिनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्याचे जनुक क्रोचे आणि त्यांचे जपानी सहकारी सुजिमोतो यांनीच १९८४ साली दुसऱ्या एका कर्करोगात शोधले होते. त्याचे कार्य १९८८ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे उलगडले, आणि ते अनपेक्षित निघाले. हे प्रथिन पेशीला वाढावयास लावीत नाही; तिला मरू देत नाही. निरोगी शरीरात रोज असंख्य पेशी आपले काम संपवून स्वतः होऊन विसर्जित होतात. मरणाची ही शिस्त मोडली, की न मरणाऱ्या पेशींची गर्दी होते, आणि प्रस्तुत रक्तकर्करोग मुख्यतः अशा गर्दीचाच रोग आहे. तहकुबीचा शेरा मारणारे लहान रेणू नाहीसे झाल्यावर बीसीएल-२ चा हुकूम अनिर्बंध चालू राहतो. २०१६ साली अमेरिकेत याच रोगासाठी मान्यता मिळालेले ‘व्हेनेटोक्लॅक्स’ हे औषध या प्रथिनालाच अडविते. ते मायक्रो-आरएनएच्या संशोधनातून निघालेले नाही. पण दोन निराळ्या वाटा एकाच दाराशी येऊन पोचल्या, यावरून त्या दाराचे महत्त्व ध्यानात येते.

यानंतर कर्कपेशींत अशा रेणूंचा शोध सर्वत्र सुरू झाला. २००४ साली जपानी शल्यचिकित्सकांनी दाखविले की, फुफ्फुसाच्या ज्या कर्करोगात लेट-७ घटलेला असतो, त्यात शस्त्रक्रियेनंतर रोगी कमी काळ जगतात. कृमीचे बालपण संपविणारा हाच तो रेणू. पुढच्या वर्षी तो रास या कर्ककारी जनुकाला आवरतो असे सिद्ध झाले. पण सर्वच मायक्रो-आरएनए रक्षक नव्हेत. २००५ सालीच मिर-१७ ते ९२ या समूहाने उंदरांतील कर्करोगाला उलट चेतविले असे दिसले. ज्या रेणूने आवर घालावयाचा तो स्वतः लगामाचाच हुकूम रोखू लागला, तर परिणाम उलटा होणार हे उघडच आहे. शेरा मारणारा कारकून चांगला की वाईट, हे तो कोणत्या कागदावर शेरा मारतो यावर अवलंबून असते. त्याच वर्षी असेही आढळले की, दोन-सव्वादोनशे मायक्रो-आरएनएंच्या प्रमाणावरून कर्कपेशी मुळात शरीराच्या कोणत्या अवयवातील आहे हे ओळखता येते. मूळ गाव विसरलेल्या माणसाच्या बोलीवरून त्याचा प्रांत ओळखावा, तसेच हे.

प्रथिने न घडविणाऱ्या आरएनएंत हे लहान रेणू हे एकच कूळ नव्हे. हजारो अक्षरांचे लांब आरएनएही पेशीत असतात. गुणसूत्रांच्या टोकांची झीज भरून काढणारा टेलोमरेज हा पाचकरसासारखा कारक रेणू कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधला. त्याच्या पोटात आरएनएचा एक साचा असतो, आणि त्याबरहुकूम तो टोके जोडतो. बहुसंख्य कर्कपेशी हा साचा-यंत्रमेळ पुन्हा चालू करून आपले आयुष्य लांबवितात. १९९९ साली प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात अतोनात वाढणारा पीसीए-३ हा लांब आरएनए सापडला. लघवीतून तो मोजण्याच्या चाचणीला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. २००७ साली वर्णिलेला ‘हॉटएअर’ हा आरएनए तर दूरच्या जनुकांवर कुलपे घालणाऱ्या प्रथिनांना वाट दाखवितो असे मानले गेले, आणि स्तनांच्या कर्करोगात त्याचा अतिरेक रोगाच्या फैलावाशी निगडित असल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले.

पण येथेच इतिहास दुसरा धडा शिकवितो. २००३ साली जर्मन संशोधकांना फुफ्फुसाच्या कर्करोगात ‘मॅलॅट-१’ नावाचा लांब आरएनए विपुल आढळला. ज्यांचा रोग पुढे पसरला, त्यांच्यात तो अधिक होता. म्हणून फैलावाला साह्य करणारा अशीच त्याची ख्याती झाली. २०१२ साली मात्र तो मुळीच नसलेले उंदीर जन्माला घातले, आणि ते सुखरूप वाढले. २०१८ साली तर स्तनांच्या कर्करोगाच्या उंदरांवरील प्रयोगांत तो फैलाव रोखतो, असा नेमका उलटा दावा झाला. एखादा रेणू कर्कपेशीत वाढलेला दिसला म्हणजे तो रोगाचे कारण असतोच असे नाही. आगीच्या ठिकाणी बंबवाले नेहमीच आढळतात. म्हणून आग त्यांनी लावली असे म्हणता येत नाही. २०१२ सालच्या सप्टेंबरात एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने मानवी डीएनएच्या ८० टक्के भागास काही ना काही कार्य असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक जाणत्यांनी त्यास हरकत घेतली ती याच कारणाने. पेशी पुष्कळ नकला काढते, पण प्रत्येक नकलेला अर्थ असतोच असे नाही. सर्व अडगळ समजणे ही जशी एक चूक, तशीच सर्व रत्ने समजणे ही दुसरी.

या दुसऱ्या चुकीची किंमत कागदावर मोजून भागत नाही. मिर-३४ हा मायक्रो-आरएनए पेशीच्या सर्वांत प्रसिद्ध रक्षक प्रथिनाचा, पी-५३ चा, हस्तक आहे असे २००७ साली कळले होते. कर्कपेशीत तो कमी पडत असेल तर बाहेरून पुरवावा, हा विचार सरळ व मोहक होता. २०१३ साली त्याची कृत्रिम प्रतिकृती रोग्यांना देऊन पाहण्यास आरंभ झाला; कर्करोगावर मायक्रो-आरएनएचा माणसात झालेला हा पहिलाच प्रयोग. थोड्या रोग्यांची गाठ लहान झाली. परंतु इतर काहींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा भयंकर प्रक्षुब्ध झाली, त्यात चार रोगी दगावले, आणि २०१६ साली प्रयोग बंद करण्यात आला. ज्यांच्यावर दुसरा इलाज उरला नव्हता, अशा माणसांनी आपल्या देहावर ही परीक्षा करू दिली होती. एकच लहान आरएनए शेकडो निरोपांवर शेरे मारू शकतो. त्याला पेशीत सोडणे म्हणजे एका दुरुस्तीसाठी सर्व दप्तरात हात घालणे होय, हे ज्ञान त्यांच्याकडून मिळाले. त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्यांच्या लेखांना तोपर्यंत एकतीस वर्षे होत आली होती. आज माणसाच्या पेशीत अशा लहान रेणूंची जनुके हजाराहून अधिक असल्याचे मानले जाते. तरी त्यांचा कर्करोगावरील उपयोग अजून बहुतांशी आशेच्याच कोटीत आहे. त्यांच्याकडून मिळालेला खात्रीचा लाभ निराळ्या प्रकारचा आहे. कर्कपेशीला केवळ बिघडलेल्या प्रथिनांची पेशी मानले जात होते. तिच्या रोगाचे मूळ हुकमात नसून हुकूम रोखण्याच्या व्यवस्थेत असू शकते, हे या रेणूंनी दाखवून दिले.

रक्तकर्करोगाच्या रोग्यांच्या तेराव्या गुणसूत्रात एक जागा रिकामी होती, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतही होती. त्या जागी काय होते हे सांगण्यास मात्र एका कृमीची, दोन दुर्लक्षित लेखांची आणि सुमारे पंधरा वर्षांची गरज पडली. ज्ञानाच्या दप्तरात ‘निरुपयोगी’ असा शेरा मारण्यापूर्वी तो शेरा कागदाविषयी आहे की वाचणाऱ्याविषयी, एवढी चौकशी प्रत्येक पिढीने नव्याने केली पाहिजे. त्या चौकशीला लागणाऱ्या विलंबाची किंमत शास्त्रज्ञांपेक्षा रोग्यालाच अधिक द्यावी लागते.